सगळंच सगळ्यापेक्षा मोठ्यानं

डीप पर्पलचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम ऐकताना माझं निम्मं लक्ष टाळ्या वाजवणाऱ्यांकडे असतं. गाणारे-वाजवणारे कोण, ते जगाला पाठ आहे. पण हे लोक कोण? १९७२ चा ऑगस्ट, ओसाका शहर, बाहेर बहुधा मरणाचा उकाडा, आणि आत तिकीट काढून शिस्तीत खुर्च्यांवर बसलेली जपानी पोरं. त्यातला कोणीतरी मध्येच काहीतरी ओरडतो. मला जपानी येत नाही, तो 'वा!' म्हणाला की 'ए, खाली बस' म्हणाला, कोण जाणे. पण तो ओरडला, ते टेपवर उतरलं, आणि पन्नासहून अधिक वर्षं जगभरच्या घराघरांत तो न चुकता त्याच जागी ओरडतो आहे. आज सत्तरीच्या आसपास असेल. त्याला याचा पत्ता तरी असेल का? मानधन सोडाच, त्याला कोणी विचारलंसुद्धा नसणार.

आपल्याकडे 'बहात्तर' म्हटलं की दुष्काळ आठवतो. त्या ऑगस्टात इथे पाऊस दडी मारून बसला होता आणि तिकडे डीप पर्पल नावाचा इंग्लिश बँड पहिल्यांदाच जपानला निघाला होता. गिटारवर रिची ब्लॅकमोर, गायला इयन गिलन, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बास रॉजर ग्लोव्हरकडे आणि ड्रमवर इयन पेस. त्यांचा 'मशीन हेड' हा अल्बम मार्चमध्येच आला होता. स्टुडिओत हे लोक चांगलेच होते, पण त्यांची खरी ख्याती स्टेजवरची. चार-पाच मिनिटांचं गाणं घ्यायचं आणि ते ताणत, उसवत, पुन्हा शिवत वीस मिनिटांवर न्यायचं. साहजिकच त्यांच्या कार्यक्रमांची चोरटी रेकॉर्डिंग बाजारात फिरत होती.

गंमत अशी, की या लोकांना लाइव्ह अल्बम काढायचाच नव्हता. समोर बसून ऐकण्याची मजा तबकडीत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मागणी आली ती वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीच्या जपानी शाखेकडून: आमच्याकडे येताय, तर इथल्या श्रोत्यांसाठी एक अल्बम करू. बँड तयार झाला, पण कुरकुरत आणि अटी घालून. रेकॉर्डिंगला माणूस आमचा, मार्टिन बर्च. टेप आमच्या ताब्यात. ऐकून पटलं तरच बाहेर काढायचं. आणि हे फक्त जपानपुरतं. बाकीच्या जगाला यातलं काही ऐकवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. सगळा खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास आला, असं सांगतात. आठवण म्हणून काढलेल्या ग्रुप फोटोला जेवढं महत्त्व द्यावं, तेवढंच त्यांनी या प्रकरणाला दिलं.

मला वाटतं, तिथेच सगळं जमलं. 'आज रेकॉर्डिंग आहे' हे डोक्यात बसलं की भलेभले वादक सांभाळून वाजवायला लागतात. चूक होऊ नये म्हणून वाजवणं आणि वाजवण्यासाठी वाजवणं, यांतला फरक आपल्याला लगेच कळतो, सांगता आला नाही तरी. इथे पाचही जणांना खात्री होती की हे फार लांब जाणार नाही. मग काय, सुटले!

कार्यक्रम तीन झाले. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकात, १७ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये. बुडोकान म्हणजे १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्यूदोसाठी बांधलेलं सभागृह. १९६६ मध्ये बीटल्स तिथे वाजवून गेले होते. बर्चच्या हाताशी आठ ट्रॅकचं यंत्र. स्टेजवरची पाच माणसं आणि समोरचे हजारो लोक, सगळ्यांना आठ पट्ट्यांत बसवायचं. रोज सुधारायला एक रात्र मिळणार, आणि तीन रात्रींनंतर खेळ खलास. नंतर स्टुडिओत बसून काही वाजवून चिकटवलेलं नाही, असं जॉन लॉर्डचं म्हणणं होतं. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी गाजलेल्या लाइव्ह अल्बमना हे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तिथे टाळ्या खऱ्या आणि बाकीचं नंतर डागडुजी केलेलं, असाही मामला असायचा.

बँडच्या आठवणीत सगळ्यात रंगली ती बुडोकानची रात्र. अल्बमवर मात्र तिथली दोनच गाणी आहेत, 'द म्यूल' आणि 'लेझी'. बाकी बहुतेक माल ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीचा. पहिल्या रात्रीचं फक्त एक गाणं घेतलं आणि ते नेमकं 'स्मोक ऑन द वॉटर'. कारण असं सांगतात, की तिन्ही रात्रींत त्याची सुरुवात ब्लॅकमोरनं तेवढ्या एकाच वेळी धड वाजवली! जगात गिटार हातात घेणारा प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात जी धून वाजवतो, ती तिच्या जन्मदात्याला तीनात एकदा जमली. की बाकी दोनदा त्याला ती नीट वाजवायचीच नव्हती? ब्लॅकमोरची एकूण तऱ्हा पाहता मला दुसरी शक्यता जास्त पटते.

त्या गाण्याचा जन्मही असाच आडवाटेनं झालेला. १९७१ च्या डिसेंबरात ही मंडळी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला 'मशीन हेड'चं रेकॉर्डिंग करायला गेली होती. जागा ठरली होती तिथल्या कॅसिनोची. त्याआधी तिथे फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम होता. त्यात कोणा महाभागानं फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ सोडायचं पिस्तूल, उडवली, छतानं पेट घेतला आणि कॅसिनो जळून गेला. तळ्यावर पसरलेला धूर बँडनं पाहिला आणि त्याचं गाणं केलं. पुढे हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात गाद्या-बिद्या लावून अल्बम पुरा केला. एवढं झाल्यावरही या गाण्याकडून त्यांची फारशी अपेक्षा नव्हती. सिंगल म्हणून ते अमेरिकेत निघालं १९७३ मध्ये, आणि थेट चौथ्या क्रमांकावर गेलं. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला हेच गाणं होतं, ओसाकात वाजवलेलं. आपल्या कुठल्या वस्तूला गिऱ्हाईक आहे, हे या दुकानदारांना कधीच नीट कळलं नाही.

माझा स्वतःचा जीव 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये अडकला आहे. गाण्याच्या उत्तरार्धात ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गिलन तो गळ्यातून परत करतो. मग थोडा अवघड तुकडा. मग आणखी वरचा. आपल्याला हा खेळ नवा नाही. सतार-तबल्याच्या सवाल-जवाबात टाळी कुठे पडणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, आणि पडते तेव्हा आपण तरीही खूश होतो. इथे ब्लॅकमोरची लबाडी अशी, की तो गिलनला मुद्दाम अशा जागी नेतो जिथे माणसाचा गळा जात नाही. गिलन जातो. शेवटी तो जे किंचाळतो त्याला सूर म्हणावा की अपघात, यावर मतभेद होऊ शकतात; माझ्या मते सूर. या दोघांचं आपसात फारसं बरं नव्हतं, हे ठाऊक झाल्यावर तो खेळ वेगळाच ऐकू येतो.

ऐकणारे जपानी, हेही या अल्बमचं नशीब. 'चाइल्ड इन टाइम'च्या सुरुवातीला लॉर्ड ऑर्गनवर अगदी हळू वाजवत असतो, आणि सभागृह चूप. एरवी हाच माणूस आपला हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटारवाल्या अँप्लिफायरमधून काढायचा. त्यामुळे ऑर्गन गुरगुरतो आणि नवख्या माणसाला गिटार कुठली नि ऑर्गन कुठला ते कळत नाही. पण इथे तो अदबीनं वाजवतो आणि समोरून खोकलासुद्धा येत नाही. बारा मिनिटांच्या त्या गाण्यात पुढे गिलनच्या किंकाळ्या येतात, गिटार धावते, सगळं कोसळतं, तरी आठवण राहते ती सुरुवातीच्या शांततेची. त्याच अल्बमवर स्टेजवरून सूचना येते की सगळंच सगळ्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येऊ दे. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाला यापेक्षा अशक्य हुकूम कोणी दिला नसेल.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात, कोणीतरी कोणाकडून तरी भरून आणलेल्या कॅसेटवर. कॅसेट साठ मिनिटांची आणि अल्बम सव्वा तासाच्या वर. त्यामुळे पहिल्या बाजूला 'द म्यूल'मध्ये इयन पेस ड्रमवर हात मोकळे करायला लागतो न लागतो, तोच खट् करून बटण वर यायचं. दुसऱ्या बाजूला 'स्पेस ट्रकिन' अंतराळात अर्ध्या वाटेवर संपायचं. पुढे सगळा अल्बम रीतसर ऐकला, पण पेसच्या त्या जागी कान अजून 'खट्'ची वाट बघतो. टेपरेकॉर्डरवर अर्थातच 'मेड इन जपान' लिहिलेलं होतं. आपल्याकडे ते शब्द म्हणजे अभिमानाचा शिक्का, कोणाच्या तरी काकांनी बाहेरून आणल्याचा पुरावा. इंग्लंडात मात्र त्या काळी त्याच शब्दांवर स्वस्त मालाचे विनोद व्हायचे, आणि अल्बमचं नाव त्याच विनोदातून पडलं. जपानमध्ये हा अल्बम निघाला तो 'लाइव्ह इन जपान' या सभ्य नावानं.

लाइव्ह अल्बम हा मुळात विचित्रच प्रकार. आपल्याकडे तीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवायची कसरत करणारे गवय्ये मैफलीत तोच राग तासभर मांडायचे, आणि त्यांच्या मैफलींच्या टेप रसिक जिवापाड जपायचे. अशा टेपांवर कपबशांचा आवाज असतो, पुढच्या रांगेतल्या कोणा आजोबांचं 'क्या बात है' असतं. शंभरदा ऐकून ऐकणाऱ्याला तानेइतकंच ते 'क्या बात है' पाठ होतं आणि ते चुकून पुसलं गेलं तर राग अपुरा वाटेल. जे त्या क्षणी सुचलं म्हणून वाजवलं, ते आपण पोथीसारखं पाठ करतो. मग तोच कलाकार प्रत्यक्ष समोर आला आणि त्यानं दुसरं काही सुचलं म्हणून दुसरं वाजवलं, की आपण रुसतो. ब्लॅकमोरनं एक सोलो पुन्हा तसाच वाजवावा, ही अपेक्षा त्याच्या बाबतीत तर शुद्ध अन्याय आहे. पण मी ती करतो.

टेप इंग्लंडला आल्या तेव्हा मिक्सिंगच्या वेळी ग्लोव्हर आणि पेस तेवढे हजर राहिले. बाकीच्यांनी तसदी घेतली नाही. कव्हर ग्लोव्हरनंच केलं आणि त्यावरचा फोटो जपानमधला नाहीच, इंग्लंडातल्या कार्यक्रमाचा आहे. जपानच्या नावाचा अल्बम, पण मुखपृष्ठावर टाळ्या वाजवताना भलतेच! ओसाकाच्या माझ्या त्या ओरडणाऱ्या मित्रावर हा दुसरा अन्याय. ऐकून झाल्यावर मंडळींना माल चांगला वाटला आणि जपानपुरत्या असलेल्या या गोष्टीला डिसेंबर १९७२ मध्ये इंग्लंडात वाट मिळाली. अमेरिकेत तो पुढच्या वसंतात आला आणि सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. दोन तबकड्या, गाणी फक्त सात.

आणि ज्या डिसेंबरात अल्बम इंग्लंडच्या दुकानांत लागला, त्याच डिसेंबरात गिलननं बँड सोडत असल्याचं पत्र दिलं. ठरलेले कार्यक्रम पुरे करायचे म्हणून तो थांबला, आणि २९ जून १९७३ ला या पाच जणांनी शेवटचा कार्यक्रम केला. गाव कुठलं? ओसाका. गिलनबरोबर ग्लोव्हरही गेला. हेच पाच जण पुन्हा एकत्र आले ते १९८४ मध्ये, आणि नंतर पुन्हा भांडले. ती कथा लांबलचक आहे आणि तिच्यात वकील फार आहेत. मार्टिन बर्चचं मात्र बरं झालं. पुढे आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे एकापाठोपाठ एक अल्बम त्यानं केले.

१९९३ मध्ये त्या तीन रात्रींची बहुतेक सगळी टेप तीन सीडींवर बाहेर आली. माझ्यासारख्या रिकामटेकड्यांची सोय झाली. एकच गाणं तीन रात्री लागोपाठ ऐकायचं आणि कुठल्या रात्री कोणाला काय सुचलं ते बघायचं. पंधराला लॉर्ड एका जागी वळतो तर सोळाला सरळ जातो, अशा चर्चा करणारी माणसं महाराष्ट्रातही आहेत आणि ती आवाज चढवून बोलतात. माझं मत विचाराल तर निवड योग्यच झाली होती. फक्त 'स्पेस ट्रकिन' वीस मिनिटांचं जरा जास्त झालंय. बारात आटपलं असतं. हे मी पुण्यातल्या एका घरी एकदा बोललो, तेव्हापासून तिथे मला चहा मिळतो, पण सीडीला हात लावू देत नाहीत.