श्रावणात मासळीचा वास

दीप अमावास्येच्या दोन दिवस आधीची गोष्ट. आई (माझ्या सासूबाई, वय ७४) पूजेला बसल्या होत्या, मी आत पोळ्या लाटत होते, तर त्यांनी हाक मारली, "अगं इकडे ये जरा, मासळीचा वास येतोय का बघ." मी पिठाच्या हातांनीच गेले, देवघरापाशी उभी राहून दोनतीनदा श्वास ओढला, पण तोवर त्यांनी उदबत्ती लावली होती, मला फक्त मोगऱ्याचा वास आला. म्हटलं आई, गटारी आलीय, खाली कुणाकडे तरी चालू असेल. आणि परत तव्याकडे पळाले, डबे सव्वासातला निघतात.

आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, पण बिल्डिंगमध्ये सगळ्या प्रकारची घरं आहेत, डोंबिवलीतल्या कुठल्याही तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये असतात तशी. श्रावण लागायच्या आधी जिन्यात मटणाचा, सुक्या बोंबलाचा वास असणारच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. म्हणून मी विषय सोडून दिला. पण अमावास्या झाली, श्रावण लागला, पहिला सोमवार झाला तरी आईंचं चालूच. "मासळीचाच आहे गं, पण ताज्या नाही, शिळ्या. आणि त्यात काहीतरी जळकट."

हे "जळकट" त्या पहिल्या आठवड्यातच बोलल्या होत्या. आमच्यापैकी एकानेही तो शब्द उचलून धरला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

ह्याने (नवऱ्याने) एकदा जेवताना सरळच सांगितलं, आई, तुला भास होतोय, नाकाच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. तो काही मनाला येईल ते बोलत नव्हता. नसलेला वास येणं हा खरंच आजार असतो, सायनसमुळे होतो, आणि करोनानंतर तर किती जणांना कॉफीला जळक्याचा, कांद्याला कुजल्याचा वास यायला लागला होता ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. आईंनाही करोना झाला होता. त्यामुळे त्याला ती शंका आली. पण आईंचा चेहरा त्या दिवशी असा उतरला की त्यांनी ताक अर्धंच ठेवलं आणि उठल्या. दुसऱ्या दिवसापासून वासाचं नावच काढलं नाही. मी विचारलं आज आला का, तर म्हणाल्या जाऊदे गं, म्हातारीचं नाक. हे मला फार लागलं.

मग आली नागपंचमी. आमच्याकडे नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, दिंडं उकडायची, त्यामुळे पावणेसातला मी रोजच्यासारखी पोळ्यांत अडकलेली नव्हते. आई पूजेला बसल्या, फुलं वाहिली, निरांजनाची वात तयार केली, पण पेटवलं काहीच नाही. उदबत्तीचा पुडा हातात धरून म्हणाल्या, "आता ये. नाही आला तर परत कधी म्हणणार नाही."

मी खाली बसले, त्यांच्या पाटाशेजारी. आणि आला. खरंच आला. दोन दिवस फ्रीजबाहेर राहिलेल्या मासळीच्या पिशवीचा कसा असतो, आंबूस, घशाला किंचित खवखव लावणारा, तस्सा. पाच मिनिटांनी तो मला जाणवेनासा झाला, तर आई म्हणाल्या बाहेर जाऊन ये. जिन्यात जाऊन दोन मिनिटं उभी राहिले आणि परत आत आले तर पुन्हा तितकाच. नाक सवयीने बधिर होतं ते असं. घरात राहणाऱ्याला घरातला वास कळत नाही म्हणूनच. मी ह्याला झोपेतून उठवून तिथे आणून बसवलं. तो काही बोलला नाही, आईंच्या खांद्यावर हात ठेवून नुसता बसला.

त्या दिवसापासून शोधाशोध सुरू झाली आणि सगळ्यात आधी गॅस, कारण बाकी वास थांबू शकतात, गॅस नाही. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं द्रव्य घालतात, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साचतो, म्हणून वाकून वास घ्यायचा. रेग्युलेटरला आणि नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले नाहीत. (तुमच्याकडे आले तर काडी नाही, लाईटचं बटण नाही, ना चालू ना बंद, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा. हा नंबर फ्रीजवर लिहून ठेवा.)

मग गॅलरीतली मोरी. वॉशिंग मशीन आत हलवल्यापासून तिथे पाणीच पडत नाही. मोरीच्या जाळीखाली न्हाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचून राहतं आणि त्या पाण्यानेच गटाराची हवा घरात यायची अडते. मोरी वापरली नाही की ते पाणी हळूहळू उडून जातं आणि वाट मोकळी होते. आमचा ट्रॅप ठणठणीत कोरडा होता. दोन बादल्या पाणी ओतलं आणि आता दर रविवारी एक तांब्या ओततेच. पण तो वास सडक्या अंड्याचा असतो, हायड्रोजन सल्फाइडचा, आणि आईंचा तर मासळीचा. आई म्हणाल्या, हा तो नव्हे.

शनिवारी सकाळी वास आला नाही. दुपारी कांदेबटाट्यांचं सगळं रॅक ओढून काढलं, सगळ्यात खालच्या टोपलीत, वर्तमानपत्राच्या घडीखाली, एक बटाटा. बोट लागलं तर आत गेलं. सडलेल्या बटाट्याचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको, अख्खं घर डोक्यावर घेतो आणि थोडा मासळीसारखाच असतो. टोपल्या घासल्या, उन्हात ठेवल्या, ऊन कसलं म्हणा, श्रावणातलं. रविवारीही वास नाही. झालं, बटाटाच होता म्हणून सगळे खूश, हा आईंना सॉरी म्हणाला, मुलीने आजीला मिठी मारली.

सोमवारी पावणेसातला वास परत.

तेव्हा मात्र मी खाली दुसऱ्या मजल्यावर गेले. काकूंकडे वीस वर्षं येणंजाणं आहे, तरी विचारताना जड गेलं, कारण माश्याच्या वासावरून शेजाऱ्यांकडे तक्रार करणं ही आपल्याकडच्या सोसायट्यांमधली फार वाईट गोष्ट आहे, त्यातून माणसं कायमची दुरावतात, आणि कुणी काय खावं हे ठरवायचा मला काय अधिकार. मी म्हटलं, काकू तक्रार नाही हो, वास कुठला ते शोधतेय. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं श्रावण चालू आहे. गणपती जाईपर्यंत आमच्याकडे मासे शिजत नाहीत. सुकटीचा डबासुद्धा मी पिशवीत बांधून माळ्यावर टाकलाय." त्या बोलल्या शांतपणे पण त्यांना लागलं हे मला कळलं. आठ-दहा दिवस मी मनात त्यांच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होते आणि श्रावण आहे एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

घरी येऊन कालनिर्णय काढलं. त्याच्यावर आईंचा दुधाचा हिशोब असतो, त्याच चौकोनांत वासाचं लिहायचं ठरवलं. शुक्रवार आला, शनिवार नाही, रविवार नाही, सोमवार आला. आईंना मागचं विचारलं तर त्यांनाही आठवलं की शनिवार-रविवारी कधीच नसतो. बटाटा शनिवारी सापडला म्हणून वास गेला असं आम्ही धरलं, पण तो शनिवारी येतच नव्हता! मंगळवारी पहाटेच ट्रान्सफॉर्मर उडाला, साडेनऊपर्यंत लाईट नव्हती, गॅसवर पातेल्यात पाणी तापवून सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, आईंची पूजाही नेहमीच्या वेळेला झाली. वास नाही. मी चौकोनात लिहिलं "लाईट नाही, वास नाही" आणि लिहिता लिहिता हात थांबला.

गीझर. आई सव्वासहाला गीझर लावतात, त्यांची आंघोळ झाली की तो तसाच चालू ठेवतात, मुलीची आंघोळ, मग ह्याची, सव्वासातपर्यंत. शनिवार-रविवार ही दोघं उशिरा उठतात, म्हणून आई स्वतःचं झालं की बंद करतात. आणि गीझरचा बोर्ड बाथरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये, टॉवेलच्या दांडीमागे. देवघराच्या अगदी कोपऱ्यावर. आई पाटावर बसतात तिथून हातभर.

बुधवारी टॉवेल काढून बोर्डाजवळ नाक नेलं. दुसरं काही शोधायची गरजच राहिली नाही. गीझर बंद केला, मेन स्विच पाडला, आणि उलट्या हाताने प्लेटला हात लावला तर इस्त्रीच्या कपड्याइतकी गरम. सॉकेटच्या एका भोकाभोवती पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं पिवळट तपकिरी झालेलं.

संध्याकाळी वायरमन आला, प्लेट उघडली. आतल्या न्यूट्रलच्या वायरवरचं प्लॅस्टिक जळून कडक झालेलं, त्याने चिमटीत धरलं तर भाजलेल्या पापडासारखं तुटून खाली पडलं. तांबं काळं, त्यावर हिरवट थर. स्क्रू बोटाने फिरत होता. "वहिनी, फेज नाही, न्यूट्रल ढिला आहे. अजून महिनाभर चाललं असतं तर इथून टॉवेल पेटला असता." तो हे अगदी सहज बोलला आणि मला मात्र मागे टेकून उभं राहावं लागलं.

मासळीचाच वास का, हे मी नंतर समजून घेतलं. शिळ्या मासळीला वास येतो तो अमाइन जातीच्या रसायनाचा, आणि स्विच-सॉकेटसाठी जे उष्णता सोसणारं प्लॅस्टिक वापरतात त्यातली काही तापली की त्याच जातीची रसायनं सोडतात. जळक्या रबराचा वास यायच्या कितीतरी आधी हा येतो. म्हणून शाकाहारी घरात कारण नसताना मासळीचा वास आला तर आधी बोर्ड बघा, गीझर, एसी, मायक्रोवेव्ह, इस्त्री, जे जे जास्त करंट खेचतं ते. ह्याने विचारलं की मग एमसीबी का नाही पडला, तर वायरमनने छान समजावलं. एमसीबी पडतो करंट प्रमाणाबाहेर गेला की. आमचा गीझर २००० वॅटचा, २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर घेतो, ढिल्या स्क्रूमुळे तो वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. अर्थिंगवाला ब्रेकरही पडत नाही कारण करंट कुठे बाहेर गळत नाहीये. पण ढिल्या जोडावर समजा अर्धा ओहम अडथळा झाला, तर त्या एवढ्याशा टोकावर जवळजवळ ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं डाग द्यायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे आमच्या भिंतीत रोज तासभर तसं आयर्न चालू होतं, आणि ते ओळखणारी घरात एकच गोष्ट होती, आईंचं नाक.

वायर मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापली, नवं १६ अँपिअरचं सॉकेट टाकलं, स्क्रू आवळले, टॉवेलची दांडी दुसऱ्या भिंतीवर नेली. साडेसहाशे रुपये झाले. जाताना त्याने घरातले सगळे पॉवरचे पॉइंट आवळून दिले, वॉशिंग मशीनचाही एक ढिला निघाला.

दुसऱ्या दिवशी आईंनी पूजेआधी उदबत्ती हातात धरून मुद्दाम थांबून बघितलं. मी दारातून बघत होते. दोनदा श्वास घेतला, मान हलवली, आणि मग काडी ओढली. ह्याने त्या दिवशी आईंना ताक स्वतः करून दिलं.

नारळी पौर्णिमेला नारळीभाताचा डबा घेऊन मी काकूंकडे गेले. सगळं सांगितलं, आधी माफी मागितली. त्यांनी डबा घेतला, "अगं वेडी का तू" म्हणाल्या आणि मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, आमचा गीझरचा बोर्ड बघतेस का जरा, बिल्डरने वायरिंग तर सगळ्यांचं एकदमच केलं होतं. वास नव्हता काहीच. पण प्लेटचा खालचा कोपरा पिवळट होता. मी तिथूनच वायरमनला फोन लावला.