टॉर्चला मंद उजेड बसवला, पण त्या रिंगने जीव खाल्ला

सोल्डरिंग दहा मिनिटांचं काम आणि एक रिंग उघडायला तीन आठवडे. आधीच सांगतो, कारण "सोप्पंय रे, मागचं झाकण खोल आणि रेझिस्टर टाक" म्हणणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

टॉर्च अण्णांची. शेत निफाडकडे, शेतीची लाइट रात्रपाळीला आली की अण्णा मोटर चालू करायला निघतात, शेजारी ऊस, बिबट्याची भीती, त्यामुळे झगझगीत उजेड पाहिजेच. पण तीच टॉर्च घरात चप्पल शोधायला लावली की सगळं घर जागं आणि आई करवादते. मोड एकच, फुल. तीन मोडवाली नवी आणतो म्हटलं तर "टकटक दाबत कोण बसणार, मला हीच पाहिजे".

युक्ती साधी आहे. शेपटीतल्या बटणाच्या दोन टोकांना रेझिस्टर (करंट अडवून कमी करणारा छोटा भाग) जोडायचा, म्हणजे बटण बंद असलं तरी त्यातून थोडा करंट जातो आणि एलईडी मंद पेटतो, बटण दाबलं की फुल. पूर्ण बंद करायची तर मागचं झाकण अर्धा फेरा सैल करायचं. (हे आट्यांना रंगाचा थर असेल तरच चालतं. आटे उघडे चकचकीत असतील तर सैल करूनही चालूच राहते, आधी बघून घ्या. आणि मोडवाल्या टॉर्चला हे करू नका, आत चिप असते, ती वेड्यासारखी वागते.)

आता रिंग. बटण आत एका आटेवाल्या रिंगने आवळलेलं असतं, तिला समोरासमोर दोन बारीक खाचा. मी नाशिकला सिडकोतल्या घरी मुलीच्या कंपासमधलं कर्कटक घातलं, त्याचं टोक वाकलं. कात्री घातली, ती सटकून अंगठ्यात. मग एका रिपेरिंगवाल्याकडे दिली. "उद्या या." उद्या गेलो तर "परवा या", परवा दुकान बंद, शनिवारी म्हणे "तुमचीच घेतोय आता", आणि मंगळवारी टॉर्च परत हातात, "नाही निघत साहेब, कंपनी फिटिंग आहे". खाचेला नवीन ओरखडा मात्र होता! म्हणजे यानेही कर्कटकच घातलं असणार. सिडको ते त्याचं दुकान चार चकरा, पेट्रोल माझं, आणि तिकडून अण्णांचा रोज फोन, "झाली का रे बॅटरी?"

शेवटी अंबडला कंपनीत असलेला मावसभाऊ घरी आला, बघून हसला, आणि दुसऱ्या दिवशी सर्कलिप प्लायर (बारीक टोकांची पक्कड) घेऊन आला. त्याची दोन टोकं खाचांत अशी बसली की जणू त्यासाठीच केलेली. तरी हलेना. मग तो म्हणाला आट्यांना गोंद असेल, गरम कर. बायकोचा हेअर ड्रायर दोन-तीन मिनिटं बाहेरून फिरवला (सेल काढून, हे विसरू नका, लिथियम सेल तापवायचा नसतो), कट्ट असा आवाज आला आणि रिंग फिरली. मी अक्षरशः ओरडलो.

पुढचं काय सांगू, एमजी रोडवरून पाव वॉटचा रेझिस्टर आणला, दोन्ही पायांना सोल्डर मारला, झालं. फक्त पहिल्यांदा काजव्याएवढाच उजेड पडला, बघतो तर रेझिस्टरवरचे पट्टे तपकिरी-काळा-लाल, म्हणजे एक हजार ओहम. मला पाहिजे होता तपकिरी-काळा-तपकिरी, शंभर. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, मंद एलईडी साधारण २.७ खातो, उरलेल्या दीड व्होल्टला शंभर ओहम म्हणजे १५ मिलिअँपिअर. २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल सात दिवस तरी पुरतो.

आणि हे मला नंतर सुचलं: उजेड किती पडेल ते काही न उघडता कळतं. मागचं झाकण काढा, रेझिस्टरचा एक पाय सेलच्या बुडाला आणि दुसरा टॉर्चच्या नळीच्या उघड्या कडेला टेकवा. तसं केलं असतं तर परत सोल्डर काढत बसावं लागलं नसतं.

अण्णांना दिली, अर्धा फेरा समजावला. त्यांनी तो एकदाही फिरवलेला नाही. टॉर्च दाराजवळच्या खिळ्याला रात्रंदिवस मंद पेटती टांगलेली असते, म्हणे लाइट गेली की शोधावी लागत नाही. सेल आई दर रविवारी चार्जिंगला लावते.