नंदीचा कान

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात शिरताना माझा उजवा हात सवयीने खाली गेला आणि तसाच अधांतरी राहिला. महादेवाच्या देवळात आधी नंदीच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि मगच पुढे सरकायचे, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले आहे. इथे नंदी नाही, हे मला ठाऊक होते. हाताला मात्र ते कोणी सांगितले नव्हते.

कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. दक्षाने यज्ञाला जावयाला बोलावले नाही, तरीही सती माहेरी निघाली आणि जाताना नंदीवर बसून गेली. पुढे जे घडले त्यामुळे महादेव कोपला, तो कोपेश्वर; त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात लिंगे दोन आहेत आणि नंदी एकही नाही. तो येडूरला आहे, असे लोक सांगतात. येडूर म्हणजे पलीकडे कर्नाटकात, कृष्णेच्याच काठी, जिथे दक्षाचा यज्ञ उधळणाऱ्या वीरभद्राचे देऊळ आहे.

नंदी घडवणे जमले नाही म्हणून तो राहून गेला, असे म्हणायला इथे जागा नाही. मंदिराच्या पायथ्याशी ९२ हत्तींची रांग आहे. सोंडा तुटल्या असल्या, तरी अंगावरच्या साखळ्या आणि घंटा अजून निरखून पाहाव्यात अशा आहेत. ज्यांनी एवढे हत्ती उभे केले, त्यांना एक बैल काय जड होता? शिलाहारांनी देऊळ बांधले, पुढे यादवांचे राज्य आले, सिंघण राजाने शके ११३६ मध्ये देवाला एक गाव दान दिल्याचा लेख इथे कोरला गेला. पण इतक्या शतकांत रिकाम्या जागी नंदी बसवून टाकावा, असे कोणालाच वाटले नाही. तो गेलेला आहे, ही गोष्ट सर्वांनी मान्य केली होती.

या कथेत सतीचे दुःख सांगतात, महादेवाचा कोप सांगतात. मला मात्र नेहमी नंदीची काळजी वाटत आली आहे. धन्याने सोपवलेले माणूस सुखरूप परत आणायचे, एवढेच त्याचे काम होते. रिकाम्या पाठीने घरी जायचे कसे, म्हणून तो वाटेतच थबकला असेल का?

आमच्या गावच्या देवळातला नंदी बसका होता आणि हात फिरून फिरून त्याचे वशिंड गुळगुळीत झाले होते. आजी दर सोमवारी त्याच्या एका कानावर तळवा ठेवायची, म्हणजे सांगितलेले तिकडून निघून जायला नको, आणि दुसऱ्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायची. ती काय मागते, याचे मला विलक्षण कुतूहल होते. धाकट्या काकांच्या नोकरीचे असावे, माझ्या अभ्यासाचे असावे, की आजोबांच्या रागाचे? एकदा मी आधीच जाऊन नंदीच्या मानेखाली अंग चोरून बसलो. तेलाच्या चिकट वासात गुदमरत असताना वरून आवाज आला, ‘‘तेच रे बाबा, मागचंच.’’ मग तिने त्याच्या कपाळावर दोनदा थोपटले आणि ती उठली. मागचे म्हणजे काय, हे तिने कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. विचारले असते, तर लपून बसलो होतो हे कळले असते.

स्वर्गमंडपात आलो तेव्हा दुपार कलली होती. ४८ खांबांच्या या मंडपाला मधोमध छत नाही. सुमारे १३ फुटांच्या गोल झरोक्यातून आकाश थेट दिसते आणि त्याखाली तेवढ्याच आकाराची एक अखंड शिळा आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या झरोक्यावर येतो, तेव्हा इथे मोठी गर्दी होते. मी गेलो त्या दिवशी शिळेवर उन्हाचा एक लंबगोल तुकडा पडला होता आणि शाळेच्या सहलीतली मुले त्यात आळीपाळीने उभी राहून फोटो काढून घेत होती. त्यांतली एक मुलगी बाईंना विचारत होती, ‘‘मग इथं देवाला निरोप कोण सांगतं?’’ बाईंनी तिला रांगेत उभे केले. प्रश्न माझाही तोच होता. खुल्या आकाशाशी बोलता येत नाही असे नाही, पण त्याला एका हाताने झाकता येईल असा कान नाही.

येडूरला जायचे त्या दिवशी राहून गेले. गाडीवाल्याला परतायची घाई होती आणि मीही फार आग्रह धरला नाही. एवढ्या लांब जाऊन सांगायचे तरी काय, मागचेच.