नाळेपर्यंत उभ्याने जाता येईल अशी बोट

सप्टेंबरातली रात्र, पावणेदोन वाजलेले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन वान बेटांपैकी सुशा नावाच्या बेटापाशी, एको बेमध्ये आमच्या भाड्याच्या बोटीचा नांगर घसरला. ही खाडी आग्नेयेला उघडी आहे आणि वारा नेमका आग्नेयेकडून येऊ लागला होता. मी स्टिअरिंगवर, नांगर उचलायला बायको पुढे. केबिनच्या कडेने नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे जायची वाट जेमतेम एका पावलाची, धरायला फक्त छपरावरचा गज. ती छपराला छाती टेकवून, आडवी सरकत पुढे गेली. काचेतून मला तिच्या जॅकेटवरची चमकती पट्टी तेवढी दिसत होती. नांगर पुन्हा टाकला, या वेळी धरला. ती आत आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. म्हणाली, "अरे, बोट घ्यायला माझी ना नाही. पण मला उभं राहून पुढे जाता आलं पाहिजे."

त्यानंतर दीड वर्ष आम्ही बोट शोधली, ती या एका वाक्याला धरून.

माझं बालपण रत्नागिरीत गेलं. पाण्यात पडणं म्हणजे भिजणं, एवढीच तिथली समजूत. आम्ही राहतो सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, एव्हरेटजवळ. इथलं पाणी बहुतेक वर्षभर १० अंशांच्या आसपास असतं. बोटिंगच्या वर्गात १-१०-१ चा हिशेब शिकवतात: पहिलं १ मिनिट नुसता श्वास आवरण्यात जातं, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि तासाभरात शुद्ध हरपू लागते. बायकोचं म्हणणं म्हणजे चोखंदळपणा नव्हता, हे मला त्या रात्रीनंतर नीट उमगलं. (इथे १९५५ पासून पुढे जन्मलेल्या कुणालाही १५ एचपी किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची बोट चालवायला परीक्षा देऊन कार्ड घ्यावं लागतं. मी ते आधीच घेतलं होतं, पण हा भाग तेव्हा नुसता पाठ केला होता.)

ज्या बोटीत केबिनच्या दोन्ही अंगांनी, रेलिंगच्या आतून नाळेपर्यंत चालत जाता येतं तिला वॉकअराउंड म्हणतात. फेब्रुवारीत सिअ‍ॅटलच्या बोट शोला गेलो ते खिशात मोजपट्टी घेऊनच. विक्रेते आधी आत बोलवायचे, गाद्या आणि फ्रीज दाखवायचे. आम्ही आधी बाहेरून एक फेरी मारायचो, तीसुद्धा लाइफ जॅकेट घालून, कारण त्याने अंगाची रुंदी वाढते. वाट २५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असली की पाऊल तिरकं पडतं. गुडघ्याएवढं रेलिंग तर नसलेलंच बरं. तोल गेला की तेच पायात येतं. ते मांडीच्या मध्यापर्यंत तरी हवं.

मात्र ही वाट फुकट मिळत नाही. खास परवान्याशिवाय ट्रेलरवरून रस्त्याने नेता येईल अशा बोटीची रुंदी जास्तीत जास्त साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर. त्यातून दोन्ही बाजूंच्या २८-२८ सेंटिमीटरच्या वाटा वजा करा, भिंतींची जाडी काढा. केबिन दोन मीटरचीही उरत नाही. ग्रेडी-व्हाइट, बोस्टन व्हेलर यांच्या वॉकअराउंड बोटी मासेमारीच्या अंगाने घडलेल्या. बाहेर ऐसपैस, पण आत चौघांना पावसात दिवस काढायचा तर दाटी. जानोच्या एका फ्रेंच बोटीत केबिनच एका बाजूला सरकवलेली होती: उजवीकडे चांगली रुंद वाट, डावीकडे नावापुरती. ही युक्ती मला फार आवडली. एक वाट पक्की असली तर दुसरीवर पाणी सोडता येतं. आम्ही आमच्या अटींच्या यादीत तसा बदल केला: किमान एक बाजू पूर्ण चालण्याजोगी आणि स्टिअरिंगशेजारून तिच्यावर उघडणारं दार.

त्या दाराचं महत्त्व मला सगळ्यात उशिरा कळलं. धक्क्याला लागताना दोनच मोठी माणसं असतील, तर चालवणाऱ्याला एक पाऊल बाहेर टाकून दोर देता आला पाहिजे. नाहीतर बायको मागून पुढे धावते आणि पुन्हा तोच प्रसंग.

इंजिनाबद्दल आमच्या घरात वाद झाला. मला डिझेल इनबोर्ड हवं होतं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही आणि पोटातल्या इंजिनाचं वजन खाली राहतं. बायकोने विचारलं, "ते बिघडलं तर तू कुठे झोपून काम करणार?" भाड्याच्या बोटीत पट्टा बघायला मी एकदा त्या खोक्यात डोकं घातलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. तिचा कौल आउटबोर्डला: ते मागच्या भिंतीला टांगलेलं, झाकण काढलं की सगळं समोर. पोटातली जागा मोकळी होते, तिथे लेकीचा बिछाना मावतो. मुक्कामाला इंजिनाचा पाण्यातला दांडा वर उचलून ठेवला की खारं पाणी त्याला खात नाही (काही बोटींवर खालचं टोक तरीही पाण्यात राहतं, हे धक्क्यावर वाकून बघायलाच हवं). इंजिन संपलंच तर बोट न फोडता नवं चढवता येतं. मी हरलो, आणि आज मला ते पटलेलं आहे.

आउटबोर्डमुळे विषारी वायूचा धोका टळतो, असं मात्र कुणी समजू नये. मागची कापडी कनात बंद करून चालवलं तर धूर वळून केबिनमध्येच शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपायच्या जागी अलार्म हवाच.

१५० एचपीची दोन इंजिनं की ३०० चं एक? दोन असली तर एकावर घरी येता येतं, पण सर्व्हिसिंगही दोनदा: दोन इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणारी चक्रं), दोनदा गिअर ऑइल. आम्ही एक मोठं आणि सोबत ९.९ एचपीचं किकर, म्हणजे अडीअडचणीसाठीचं छोटं इंजिन ठरवलं. किकरवर चार-पाच नॉट, म्हणजे ताशी तेवढेच सागरी मैल मिळतात. डिसेप्शन पास या अरुंद सामुद्रधुनीत पाण्याचा प्रवाह आठ नॉटपर्यंत जातो, तिथे किकरचा उपयोग शून्य. तेव्हा तिथे भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबण्याच्या वेळेलाच जायचं, हा नियम इंजिनं कितीही असली तरी पाळायचाच.

पहिली बोट जवळजवळ घेतलीच होती. २८ फुटी, देखणी, मालक सज्जन. खरेदीआधी बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरने मागच्या भिंतीवर छोट्या हातोडीने टकटक सुरू केली. टणक आवाज येत होता, इंजिनाच्या बोल्टांपाशी तो बसका झाला. ओलावा मोजायचं यंत्र लावलं, काटा वर. बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपून आतलं लाकूड भिजलं होतं, आणि त्या भिंतीवर अडीचशे किलोंचं इंजिन लटकलेलं. लेक रडली, तिने बोटीचं नावसुद्धा ठरवलं होतं. सर्व्हेचे पैसे गेले त्याचं मला काही वाटलं नाही.

दुसरी बोट मार्चमध्ये मिळाली. २०१९ ची, यामाहाचं ३०० एचपी इंजिन, इंजिनाच्या संगणकातल्या नोंदीप्रमाणे ४८० तास चाललेलं. सी ट्रायलला, म्हणजे पाण्यावरच्या चाचणीला, टाक्या भरून सहा माणसं घेऊनच निघायचं, असा मी हट्ट धरला. रिकामी बोट कुणाचीही पळते. या इंजिनाने पूर्ण जोर लावल्यावर मिनिटाला ५००० ते ६००० फेऱ्यांच्या मध्ये पोचायला हवं. भरल्या बोटीत ते ५३०० ला गेलं, म्हणजे पाण्यातला पंखा (प्रोपेलर) योग्य. २२ नॉटला तासाला १५ गॅलन पेट्रोल, ७ नॉटला ३. टाकी १५० गॅलनची. जायला तिसरा हिस्सा, यायला तिसरा, उरलेला राखीव, अशा हिशेबाने पळवत गेलो तर ७३ सागरी मैल आणि परत. एव्हरेटहून बेटांपर्यंत जायला पुरेसं.

मी आकडे लिहीत होतो तेव्हा बायको कुणाला न विचारता दार उघडून बाहेर पडली. लाटांवर बोट उडत असताना नव्हे, मी वेग कमी केल्यावर. उजव्या वाटेने, एक हात रेलिंगवर ठेवून, ताठ चालत नाळेपर्यंत गेली, नांगराच्या साखळीला हात लावून परत आली. म्हणाली, "ही."

सव्वा लाख डॉलर, वर जवळपास दहा टक्के कर, दरवर्षी किमतीच्या अर्धा टक्का राज्याचा बोटकर, धक्क्याचं भाडं वेगळं. दर फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं काम लेकीने घेतलं आहे आणि ती ते चोख करते.

मे महिन्यात आई पुण्याहून येणार आहे. तिचे गुडघे दुखतात आणि दाराचा उंबरठा २० सेंटिमीटरचा आहे, तिथे एक जास्तीचं हँडल बसवायचंय. काल फोनवर तिला जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्यायला सांगितलं. शेजारच्या काकूंकडून शिवणाची टेप आणून तिने मोजलं: ९४ सेंटिमीटर. चपला घालून मोजलं की अनवाणी, ते विचारायचं राहिलं.