तीन तोंडं आणि एक अभंग

बुधवार, रात्रीचा दीड

भाच्याने आज नवा एएमव्ही (अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ) पाठवला. म्हणजे जपानी कार्टूनमधली, अर्थात अ‍ॅनिमेतली दृश्यं उचलायची आणि आपल्या आवडीच्या गाण्यावर नव्याने कापून बसवायची. त्याचं बारावीचं वर्ष, ताई माझ्यावरच डोळे वटारून आहे (‘तूच नाद लावलास’), पण व्हिडिओ असा जमलाय की आज तिची बाजू घेता येत नाही. सोबत तंबी होती : ‘मामा, हेडफोन लावूनच बघ.’ गोरेगावला बोरिवली स्लोमध्ये चौथी सीट मिळाली. घर येईपर्यंत पुन्हा पुन्हा तोच पाहत होतो.

दृश्यं ‘हायक्यू’ची, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची गोष्ट. गाणं मात्र भीमसेन जोशींचा अभंग. पहिली ओळ येईपर्यंत मला वाटत होतं, पोरगं थट्टा करतंय. सुरुवातीला नुसता तंबोरा आणि रिकामी जिम. टाळ सुरू झाले की बूट घासल्याचे, चेंडू मनगटावर आपटल्याचे कट, ठोक्याला एक. मग पंडितजी तान घेतात आणि बुटका नायक हिनाता उडी मारतो. तान संपेपर्यंत तो खाली येतच नाही. मूळ मालिकेतही ती उडी लांबवलेलीच असते, इथे तिला पुरून उरेल असा दमसास मिळाला.

मालिकांचं एडिटिंग हा माझा धंदाच, त्यामुळे मी लगेच फ्रेम मोजायला लागलो. अ‍ॅनिमे सेकंदाला 24 फ्रेमचं. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीतलं गाणं घेतलं तर ठोक्याला अर्धा सेकंद, म्हणजे नेमक्या 12 फ्रेम. त्यात एकेक चित्र तीन-तीन फ्रेम टिकवलेलं असेल तर ठोक्याला चार चित्रं, दोन-दोन असेल तर सहा. हिशेब चोख. आमच्या टीव्हीच्या 25 फ्रेम. त्याच लयीला साडेबारा येतात. ती अर्धी फ्रेम कुठे खपवायची यात माझी उमेद गेली.

चित्रांची ही काटकसर जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासूनची, 1963 ची. दर आठवड्याला टीव्हीवर एपिसोड द्यायचा, पैसा नाही, वेळ नाही; मग चित्रं कमी काढा, स्थिर चित्रावर कॅमेरा सरकवा, जुने तुकडे परत वापरा. पुढे तीच शैली झाली. 1995 च्या ‘इव्हँगेलियन’ या मालिकेत दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत आणि जवळपास मिनिटभर काही म्हणजे काही घडत नाही. आमच्या मालिकेत असं केलं तर चॅनलचा फोन येईल. शांतता दिसली की आम्ही तिच्यात रिअ‍ॅक्शन कोंबतो, सासूचा चेहरा तीनदा, मागे धाडधाड. एएमव्ही करणाऱ्याला मात्र अशाच मोकळ्या जागा हव्या असतात, कारण गाणं तिथे राहायला येतं.

तोंडांचंही तसंच. बोलणारं पात्र बहुतेकदा तीन चित्रांवर भागवतात : मिटलेलं तोंड, अर्धवट उघडं, पूर्ण उघडं. म्हणून जपानी बोलणाऱ्या चेहऱ्यावर मराठी ओळ बसून जाते. आमच्या नटांचे ओठ इतके सोशिक नाहीत. डबिंगमध्ये ‘प’च्या जागी ‘क’ आला की लगेच दिसतं. भाच्याच्या व्हिडिओत एका ठिकाणी प्रशिक्षक चक्क ‘विठ्ठल’ म्हणताना दिसतो. हा प्रकार किती वेळ बसून जमवला असेल, मला कल्पना आहे.

त्याला वाटतं, हे सगळं त्याच्या पिढीने शोधलं. 1982 साली अमेरिकेत जिम कापोस्तास नावाच्या 21 वर्षांच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले आणि ‘स्टार ब्लेझर्स’ या जपानी मालिकेतली सगळ्यात हाणामारीची दृश्यं बीटल्सच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’वर बसवली. पहिला एएमव्ही म्हणून त्याचंच नाव घेतात. दोन व्हीसीआरवर कापणं काय असतं ते मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याकडून ऐकलंय. ते लग्नाचे व्हिडिओ टेपवरून टेपवर उतरवायचे. मंगलाष्टकातला एक शॉट लहान करायचा ठरला की त्यापुढचं सगळं पुन्हा जुळवायचं, थेट वरातीपर्यंत. आणि हा गडी मोबाइलवर बोटाने शॉट सरकवतो आणि वर मला सांगतो की अ‍ॅप हँग होतंय.

घरी आल्यावर आई जागी होती, तिलाही दाखवला. ती भजनी मंडळातली. गणपतीत हिंदी सिनेमाच्या चालींवर गजानन आळवणाऱ्या बायकांपैकी. तिने शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, ‘आम्ही चाल सिनेमाची घेतो नि शब्द देवाचे. याने देव तसाच ठेवला नि सिनेमा बदलला, मेल्याने.’ हे भाच्याला कळवलं, तर त्याने नुसते हसरे चेहरे पाठवले.

तसं पाहिलं तर आपल्याला यात नवं काय? 1993 मध्ये दूरदर्शनवर आलेलं ‘जंगल बुक’ जपानीच होतं. गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि मोगली तर मध्य प्रदेशातला. ते अर्थात रीतसर काम. एएमव्हीत परवानगी कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. 2005 मध्ये एका अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने इव्हॅनेसेन्ससारख्या आपल्या बँडची गाणी वापरलेले व्हिडिओ एएमव्हींच्या मोठ्या संग्रहातून काढायला लावले होते. भाच्याच्या मागच्या व्हिडिओचाही आवाज बंद झालाय. आता त्यात नुसतीच तोंडं हलतात.

पैसा नाही, नाव नाही, व्हिडिओ कधी उडेल याचा भरवसा नाही. तरी हे बघताना मला कामावरचा एपिसोड बघताना कधी येत नाही ती मजा येते. आज ट्रेनमध्ये त्याचाच विचार करत होतो. मालिका सगळेच पाहतात. पण पाहणारा आतून कुठे थबकला ते एरवी कळत नाही. परीक्षणातून त्याचं मत समजतं. एएमव्हीत त्याची नजर सापडते. या व्हिडिओत हिनाता आहे, स्मॅश आहेत, जिंकणं आहे. पण ध्रुवपदाला प्रत्येक वेळी भाचा कुठे जातो? बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंकडे. मूळ मालिकेत हे शॉट एवढेसे असतील, माझ्या लक्षातही राहिले नव्हते. आणि मग आठवलं, शाळेच्या कबड्डी संघात हा पोरगा कायम राखीव असायचा. किट बॅग सांभाळायचा. याबद्दल तो कधी काही बोलला नाही, आजही बोलणार नाही, मीही विचारणार नाही.

सगळेच असं करत नाहीत, हेही खरं. हल्ली पंधरा सेकंदांचे एडिट येतात, पडदा गदागदा हलतो, पांढरे झटके, प्रत्येक बीटवर डोळे चमकवणारा कुणीतरी. त्यात गाणंही ऐकू येत नाही आणि चित्रही दिसत नाही. आमच्या सासूच्या झूमचीच ती पुढची आवृत्ती, उगाच आम्हाला नावं ठेवतात.

एकच भांडण राहिलंय. शेवटी त्याने स्कोअरबोर्ड दाखवलाय. मी म्हटलं, काढ तो, टाळ थांबतात तिथेच कापून टाक, आकडे कशाला? तर म्हणतो, ‘मामा, मॅच आहे ती. स्कोअर नको?’ वीस मिनिटं चॅटवर वाद घातला. काढणार नाही म्हणतोय. शनिवारी घरी येतोय हार्डडिस्क न्यायला, तेव्हा परत बोलेन.