बाईंचा ‘पुट’

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आली ती आपल्या इंग्रजीच्या बाईंची, शब्दांचे अर्थ टिपायची निळ्या पुठ्ठ्याची वही. बाईंचं नाव तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आठवीची सहामाही परीक्षा. भाषांतराला वाक्य होतं, ‘मदर पुट आउट द लॅम्प.’ मी लिहिलं, ‘आईने दिवा बाहेर ठेवला.’ पुट म्हणजे ठेवणे, आउट म्हणजे बाहेर, हे पाचवीपासून पाठ होतं. पेपर वाटून झाले आणि मधल्या सुट्टीत बाईंनी मला शिक्षकखोलीच्या दारात बोलावलं. छडी बसणार म्हणून मी हात मागे बांधून उभा.

बाईंनी विचारलं, “देवापुढचा दिवा विझला तर तुझी आजी काय म्हणते रे?”

“दिवा शांत झाला, म्हणते.”

“आणि देवळात नारळाचं काय करतो आपण?”

“वाढवतो.”

“वाढवला म्हणून तो मोठा होतो का? मग इंग्रजांचा दिवा तरी बाहेर कसा जाईल?”

माझ्याच पेपरच्या मागच्या कोऱ्या पानावर बाईंनी मधोमध ‘पुट’ लिहिलं आणि भोवती ऑन, ऑफ, आउट, अप, बाय असे शब्द मांडले. ‘पुट ऑन’ म्हणजे कपडे घालणं, दिवा लावणं, आणि अंगाने भरणंसुद्धा. ‘पुट आउट’ म्हणजे दिवा विझवणं. ‘पुट ऑफ’ म्हणजे काम पुढे ढकलणं. ‘पुट बाय’ म्हणजे चार पैसे बाजूला टाकणं. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणं. मग म्हणाल्या, “क्रियापदाकडे बघत बसू नकोस, त्याच्या मागून येणारा चिमुकला शब्द बघ. आपल्या ‘लागणे’चंही तेच. भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, नोकरी लागते, घाट लागतो. आपल्याकडे क्रियापदाच्या आधीचा शब्द अर्थ ठरवतो, इंग्रजीत नंतरचा.” घंटा होऊन गेली तरी त्या बोलतच होत्या. माझा डबा तसाच राहिला, पण त्या दिवसापासून इंग्रजीची भीती गेली ती कायमची.

पुढे सरकारी नोकरी लागली. मराठीला राज्यकारभाराची भाषा ठरवणारा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. म्हणून कारभार मराठीत, पण साहेबांचे पेन्सिलीचे शेरे इंग्रजीतच असायचे. पहिल्याच आठवड्यात एका नस्तीवर, म्हणजे फाइलवर, शेरा आला, ‘प्लीज पुट अप.’ म्हणजे टिप्पणी लिहून नस्ती सादर करा. ‘पुट अप’चे बाईंनी दिलेले अर्थ होते तंबू उभारणं, पाहुण्याला उतरवून घेणं, हात वर करणं. हा अर्थ त्यांत नव्हता. मी त्याच संध्याकाळी बाईंना पोस्टकार्ड टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं: ‘तुझा अर्थ वहीत चढवला. असेच कळवत जा.’ कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो, बढतीची पत्रं बरीच आली, पण जपून ठेवलंय ते हे कार्ड.

आता मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळी ते पाचवीला सुरू व्हायचं. तरी नातवाच्या गाईडमध्ये ‘पुट’चे वाक्प्रचार नुसते एकाखाली एक छापलेले पाहिले की वाईट वाटतं. एकालाही ना आजी, ना नारळ. मुलाला ते का लक्षात राहावेत?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर २००० मध्ये ‘मेक’ने आणि २००७ मध्ये आपल्या ‘पुट’ने तो मान घेतला. २०११ मध्ये ‘रन’ ६४५ अर्थांनिशी पुढे गेला. पण मधली चार वर्षं ‘पुट’ सगळ्यांच्या वर होता. हे मी वाचलं तेव्हा पोस्टकार्ड टाकायला बाई उरल्या नव्हत्या.

ती वही बाईंच्या घरी नाही, मी जाऊन विचारून आलो. शाळेच्या ग्रंथालयातल्या जुन्या कपाटात असण्याचा संभव आहे. कोणाला सापडली तर कृपया कळवा. ‘पुट अप’च्या पानावर, बाईंच्या अक्षरात, नस्तीचा तो अर्थ मला एकदा पाहायचा आहे.