मग शिस्त लावायची कशी?

"मारायचं नाही, ओरडायचं नाही, मग शिस्त लावायची कशी?" प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, मग केंद्र परळचं असो की मानखुर्दचं. विचारणारे बहुतेक जण मनापासून शिकवणारे असतात, म्हणून उत्तर देते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 17 सगळ्यांना माहीत असतं, पण अर्धंच. शारीरिक शिक्षा नको, एवढं लक्षात राहतं. मानसिक त्रासालाही तिथेच मनाई आहे, ते निसटतं. छडी कपाटात गेली, पण "तुझ्या भावानं तरी काय दिवे लावले होते!" हे सर्रास ऐकू येतं. (आयाही कमी नाहीत. "बाई, द्या दोन फटके" म्हणतात. आईनं सांगितलं म्हणून कायदा सूट देत नाही.)

मग मी करंगळीचं विचारते. दुसरीतलं पोर करंगळी वर करून, पाय आवळून उभं आहे. बाई म्हणतात, "मधल्या सुट्टीत का नाही गेलास? बस खाली." मधल्या सुट्टीत तिथे मोठ्या मुलांची झुंबड असते, लहानग्यांचा नंबरच लागत नाही, हे बाईंनाही ठाऊक असतं. पण एकाला सोडलं की आणखी पाच करंगळ्या वर येतात. ही भीती खोटी नाही. तरी माझं म्हणणं, जाऊ द्या. चार जण नुसते फिरून येतील, येऊ देत. एका वर्गात मुलांनीच ठरवलं होतं: खिळ्यावरची पाटी गळ्यात घालायची, एका वेळी एकानंच जायचं. बाईंना विचारायचीही गरज नव्हती. गोंधळ? अजिबात नाही.

भारतानं 1992 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं कलम 12 हेच सांगतं: मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐका, वय आणि समज पाहून त्याला वजन द्या. आपल्याकडे त्याची बालसभा होते, फोटो निघतो, काम संपतं.

तेव्हा जूनमध्ये शाळा उघडली की वर्गाचे नियम मुलांसोबत बसून ठरवा. कुणी मोडला, तर काय करायचं तेही त्यांनाच विचारा. मुलं भयंकर कडक शिक्षा सुचवतात. ती कमी करायचं काम तेवढं तुमच्याकडे राहील.